पडद्यावर बर्फ पडू दे!

दोस्तांनो, कॉम्प्युटरवर भुरभुर बर्फ पडायला हवाय ना? मग हिवाळी स्क्रीन सेव्हर लावा. पूर्वीच्या जाडजूड मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं, की त्याचा कायमचा डाग उमटे. तो टाळायला ही हलती चित्रं आली. आता उरली ती गंमत!

पण थांबा! नावाच्या शेवटी ‘एससीआर’ असलेली ही फाइल नुसतं चित्र नव्हे, अख्खा प्रोग्रॅम असतो. त्यातून व्हायरसही घुसू शकतो. म्हणून आधी आई-बाबांना दाखवा, मगच घ्या.

आता विंडोजच्या स्क्रीन सेव्हरच्या यादीत त्याचं नाव निवडा. ‘सेटिंग्ज’मध्ये बर्फाचा वेग बदलता येतो का, पाहा. ‘वेट’मध्ये 5 मिनिटं भरा, ‘प्रिव्ह्यू’ दाबा... की बर्फ सुरू! जेवायला उठताना मात्र पडदा बंदच करा. बर्फ पडतानाही वीज जळतेच!