हप्ता, भाडं आणि सातवी ब

पहाटे 4.15
नालासोपारा पूर्व. चौथा मजला, लिफ्ट नाही. सोसायटीचं पाणी साडेचारला येतं, पाचला जातं. बाई त्याआधी उठतात. नळाला पाइप लावला की आधी पिंप, मग दोन कळश्या, मग बाथरूममधल्या बादल्या. तेवढ्यात कणीक मळून होते. डबे तीन: नवऱ्याचा, मुलीचा, स्वतःचा. आज भेंडी. जुलैत भाजी महाग, म्हणून पाव किलोत तिघांचं बसवायचं. कमी वाटली तर त्यात एक बटाटा.

4.50
"अहो, छत्री घ्या." नवरा निघतो. तो खोकी बनवणाऱ्या कंपनीत कटिंग मशिनवर आहे. कंपनी आधी वसईला होती. दोन वर्षांपूर्वी तिनं मशिनं उंबरगावच्या जीआयडीसीत हलवली आणि माणसांना विचारलं, येता का? काही जण गेले, काही सुटले. हा गेला. विरारहून डहाणू लोकल. लोकल तिथं संपते. पुढची गाडी धरायची, घोलवड, बोर्डी रोड, आणि मग उंबरगाव रोड. गुजरातमधलं पहिलं स्थानक. तिथून शेअर रिक्षा, 20 रुपये. आठची पाळी.

5.35
बाई उलट्या दिशेला. लेडीज डब्यात या वेळी बसायला मिळतं, निदान चौथी सीट तरी. खिडकीतून पाऊस आत येतो, तरी कोणी काच लावत नाही. समोरची बाई मेथी निवडतेय. बाई पर्समधून गुजराती अंकलिपी काढतात. फेरीवाल्याकडून 30 रुपयांना घेतली. बरीचशी अक्षरं ओळखू येतात, फक्त डोक्यावरची रेघ नाही. क, ज, ब मात्र वेगळेच. नायगाव येईपर्यंत एक पान होतं. भाईंदरला गर्दी शिरते आणि पुस्तक पर्समध्ये जातं.

6.50
बोरिवली. शाळेच्या दारात अंगठा लावायचा. सातला पाच मिनिटं कमी असताना यंत्र लाल होतं. महिन्यात तीन लाल म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार गेला. शाळा इंग्रजी माध्यमाची, केंद्रीय बोर्डाची. बाई इथं मराठी शिकवतात. आधी त्या एका विनाअनुदानित मराठी शाळेत होत्या. अनुदान येईल येईल म्हणता पगार 9,000 वर थांबला. 2020 मध्ये कायदा आला, महाराष्ट्रात कुठल्याही बोर्डाची शाळा असो, मराठी शिकवलीच पाहिजे. मग या शाळेला मराठीच्या बाई लागल्या.

आता पगार 24,800. भविष्यनिर्वाह निधीचे 1,800 जातात. हातात 23,000. व्यवसायकर कापत नाहीत, कारण महाराष्ट्रात बाईमाणसाला 25,000 पर्यंत तो माफ आहे. एका पगारवाढीत ही सूटही जाईल.

7.40
सातवी ब. 46 मुलं. घरी मराठी बोलणारी नऊ-दहा. बाकी गुजराती, हिंदी, दोन तमिळ. आज लिंग. फळ्यावर तीन शब्द: खुर्ची, टेबल, पेन. "मिस, पेन तो का ती?" वर्गात दोन पक्ष पडतात. बाई दोन्ही ऐकून घेतात, मग सांगतात की दोन्ही चालतं, ते पेनसुद्धा चालतं. मुलांचा विश्वास बसत नाही. परीक्षेत काय लिहायचं, एवढंच त्यांना हवंय.

आवाज चढवावा लागतो. खालून बसचे हॉर्न, वर पंख्याची खडखड. सलग तीन तास झाले की घसा ओढतो. बाटलीत कोमट पाणी आणि लवंग असते.

10.10
मधली सुट्टी. पहिली दहा मिनिटं जिन्यावर ड्युटी. कोण ढकलतं, कोण पडतं, ते बघायचं. उरलेल्या दहा मिनिटांत स्टाफरूम आणि डबा. विषय निघतोच.

"काय ठरलं तुमचं उंबरगावचं?"

गणिताच्या सरांनी कागदावर आकडे मांडून दिलेत. तो कागद बाईंच्या हजेरीपुस्तकात असतो. नालासोपाऱ्याला वन बीएचके, एजंट सांगतो 30 लाख. 27 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं: हप्ता 23,400. बाईंच्या हातात येणाऱ्या पगारापेक्षा 400 जास्त. उंबरगावला नवऱ्याच्या सोबत्याच्या बिल्डिंगमध्ये तेवढीच जागा, 17 लाख. 15 लाखांचं कर्ज, हप्ता 13,000. मुद्रांक शुल्क गुजरातेत 4.9 टक्के, म्हणजे 83,300. एक टक्का नोंदणी फी असते. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर तीही नाही. 17,000 वाचले.

"मग घ्या की," विज्ञानाच्या मॅडम म्हणतात. "आणि शिकवू काय तिकडे?" बाई विचारतात.

कुणी बोलत नाही. घंटा होते.

11.15
मोकळा तास होता. तो गेला. इतिहासाच्या मॅडम रजेवर, त्यांच्या वर्गावर प्रॉक्सी. बाई वर्गाला वाचन देतात आणि मागच्या बाकावर वह्या तपासतात. सातवी अ आणि ब मिळून 90 वह्या. एका वहीला दोन मिनिटं धरली तरी तीन तास. शाळेत एवढा वेळ मिळत नाही. निम्म्या वह्या पिशवीत, घरी.

गुजरातनं 2023 मध्ये तसाच कायदा केला. पहिली ते आठवी गुजराती सक्तीची, बोर्ड कुठलंही असो. उंबरगावकडच्या एका खासगी शाळेनं बाईंना फोनवर विचारलं, गुजराती येतं का? "शिकतेय." मग म्हणाले, हिंदी आणि समाजशास्त्र देऊ, 15,000. मराठीला तिथं तास नाही. इथं गुजराती घरातली मुलं त्यांच्याकडून मराठी शिकतात. तिथं मराठी घरातली मुलं दुसऱ्या कुणाकडून गुजराती शिकतील.

दुसरा मार्ग, राहायचं तिकडे आणि नोकरी इथंच. 6.50 ला अंगठा लावायचा तर उंबरगावहून चारच्या आसपास गाडी हवी. ती रोज वेळेवर यायला हवी. म्हणजे उठायचं तीनच्या आधी. ते चालणार नाही, हे बाईंनी कागदावर न लिहिताच ठरवलंय.

1.40
शाळा सुटते. त्यानंतर मार्क पोर्टलवर भरायचे. सर्व्हर गोल गोल फिरतो. 2.20 ला बाई बाहेर पडतात. स्टेशनपर्यंत रिक्षा केली तर मीटर 26 रुपयांपासून. बाई चालतात. पावसात चपलेचा अंगठा सुटतो. मोच्याकडे एका पायावर उभ्या. 20 रुपये. चालून वाचवलेल्या 26 मधले सहाच उरले.

3.05
परतीची लोकल. या वेळी दारापाशी वारा लागतो. मे महिन्यात दोघं उंबरगावला जागा बघायला गेले होते. मुलीला आजीकडे ठेवलं. आजीला उंबरगाव एकाच गोष्टीसाठी माहीत, दूरदर्शनवरच्या 'रामायण' मालिकेचं चित्रीकरण तिथं झालं होतं. बाईंनी पाहिलं ते निराळं. बाजारात मासळीवाली मराठीत भाव सांगत होती आणि दुकानाची पाटी गुजरातीत होती. 1960 पर्यंत हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. राज्यं वेगळी झाली तेव्हा तिकडे गेला. जागेत दोन बाजूंनी उजेड होता. पाणी दिवसातून दोनदा. स्वयंपाकघरात ओटा एवढा लांब की दोघी एका वेळी उभ्या राहतील. बाईंनी ओटा वितीनं मोजला होता.

4.15
घर. मुलगी शाळेतून आलेली. ती आठवीत, नालासोपाऱ्याच्याच मराठी शाळेत. पोहे होतात. बाई अर्धा तास आडव्या होतात, पण डोळा लागत नाही. खाली कुणाच्या तरी बाथरूमची फोडतोड चाललीय.

5.15
साड्यांना फॉल. शेजारपाजारच्या बायका आणून देतात. शिकवण्या घ्याव्यात असं सगळे सुचवतात, पण शिक्षण हक्क कायद्याचं 28 वं कलम शिक्षकाला खासगी शिकवणी घेऊ देत नाही, आणि शाळेनं तसं लिहून घेतलंय. म्हणून फॉल. एका साडीचे 100 रुपये. त्यातले फॉलपट्टीचे 25, दोऱ्याचे दोन-तीन. फॉल आधी भिजवून वाळवायचा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि साडी चुण्या धरते. हातानं घालायचा, टाका बाहेरून दिसता कामा नये. एका साडीला पाऊण तास. आज दोन होतात. अंगठ्याच्या पेरावर सुईचे ठिपके आहेत, खडूनं ते पांढरे दिसतात.

6.45
घरमालक येतो. चपला दारातच काढतो, म्हणजे बसायचं नाहीये. अकरा महिन्यांचा करार महिनाअखेरीस संपतो. भाडं 8,000. "वहिनी, दहा टक्के तर सगळेच घेतात."

"साहेबांना येऊ द्या."

"त्यांना फोन केला होता. ते म्हणाले, तिलाच विचारा."

बाई त्याला चहा विचारतात. तो नको म्हणतो. एजंट नव्या कराराचे 2,000 घेईल, नोंदणीसकट. पोलीस पडताळणीचा कागद पुन्हा भरायचा. 8,800 म्हणजे महिन्याला अकरा साड्यांचे पैसे जास्त.

8.10
नवरा पोचतो. गाडी सफाळ्याला वीस मिनिटं उभी होती. पँट गुडघ्यापर्यंत ओली. पिशवीत चिकू, घोलवडला फलाटावर मिळाले. तो दिवसातले सहा तास गाडीत असतो. जागा घेतली तर त्याचे सहा तास वाचतात. न घेतली तर बाईंचे 23,000 वाचतात. दोघांना हे पाठ आहे, म्हणून दोघंही मोठ्यानं बोलत नाहीत.

जेवताना मुलगीच विचारते, "मग मी शाळा बदलायची का?"

बाईंनी याची चौकशी केलीय. राज्याच्या कोट्यातून मेडिकलला जायचं तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, शिवाय अधिवासाचा दाखला. मुलगी मेडिकलला जाईलच असं कुणी म्हणत नाही. पण तो दरवाजा आईबापांनी आठवीतच लावून घ्यायचा का?

"निदान दहावी इथं होऊ दे," बाई म्हणतात. "बारावीचं तेव्हा बघू."

नवरा भात कालवत राहतो. मग म्हणतो, "तोपर्यंत सतराचे बावीस होतील."

"होतील."

"मी तिकडे खोली घेतो मग. तिघा-चौघांत. शनिवारी रात्री येईन."

"किती?"

"माणशी 1,800."

बाई हिशेब करतात. त्याचा पास आणि शेअर रिक्षा वाचेल. डबा बंद, खानावळीचे 3,000 वाढतील. पाण्याचं पिंप एकटीनं भरायचं, ते तसंही बाई एकट्याच भरतात.

9.30
वह्या. सातवी ब, 22 राहिल्यात. लाल पेन संपतं, मुलीच्या कंपासमधून दुसरं येतं. नवरा पाय पसरून भिंतीला टेकलाय. मुलगी झोपली. बाई एकीकडे वहीवर शेरा लिहितात आणि दुसरीकडे मोबाइलवर घरमालकाला उत्तर पाठवतात: ठीक आहे, 8,800.

10.40
दिवा बंद. गजर 4.15 चा. दर अकरा महिन्यांनी दहा टक्के धरले तर पुढच्या करारात भाडं 9,680 होईल आणि त्यापुढच्यात 10,648. मुलगी दहावीची परीक्षा देईल तेव्हा ते 10,648 असेल. उंबरगावच्या घराचा आजचा हप्ता त्याहून 2,352 रुपयांनी जास्त आहे.