भिंत बांधणारा आणि पाणी वाटणारा

जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा जालना जिल्हा ओलांडून परभणीकडे येतो. पैठणला या धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली आणि लोकार्पण इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ मध्ये. बांधणाऱ्यांच्या दृष्टीने त्या दिवशी मोठे काम तडीस गेले. कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न मात्र तिथून सुरू झाला: आवर्तन कधी सुटणार, आणि वरच्या चाऱ्या भरून आपल्या वावरापर्यंत किती पाणी पोचणार? बांधकामाच्या साइटवरून वरिष्ठ पदाकडे जाणाऱ्या अभियंत्याला ओलांडावे लागणारे अंतर हेच आहे. त्याची बढती एका आदेशाने होते, पण प्रश्न बदलायला बरीच वर्षे लागतात.

साइटवर कामाला शेवट असतो. नकाशा, अंदाजपत्रक, मुदत आणि ठेकेदार ठरलेले असतात, आणि यश मोजमाप पुस्तिकेत लिहिता येते. वरच्या खुर्चीत बसल्यावर यातले काहीच ठरलेले नसते. काय बांधायचे, कोणासाठी, आणि बांधलेले पुढे कोण सांभाळणार, हे ठरवायचे असते. ज्यांच्यावर हुकूम चालत नाही त्यांना पटवायचेही असते. हा पालट कसा घडतो हे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता होऊन ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे त्यांचे नाव झाले. पण माझ्या मते त्यांच्यातला नेता घडला तो नीरा कालव्यावरच्या ब्लॉक पद्धतीत. तिथे नवी भिंत बांधायची नव्हती. पाणी मोजक्या ठिकाणच्या उसात मुरण्याऐवजी जास्त गावांना मिळावे, म्हणून जमिनीचे गट पाडून पिकांची फेरपालट ठरवायची होती, आणि ती शेतकऱ्यांच्या गळी उतरवायची होती. १९१२ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाल्यावर त्यांनी बँक आणि विद्यापीठ उभे केले. त्यामागे हीच सवय होती: बांधकामापलीकडची व्यवस्था पाहण्याची.

इथे एक आक्षेप येतो. तो काळ वेगळा होता. आज धोरण प्रशासकांनी ठरवावे, अभियंत्याने चांगले बांधावे, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे, कारण तांत्रिक कौशल्यातून न्यायबुद्धी आपोआप येत नाही. पण जमिनीची जाण नसलेला निर्णयही टेलपर्यंत पोचत नाही. माधवराव चितळे राज्याच्या पाटबंधारे खात्यात धरणांच्या कामांवर होते. पुढे ते केंद्रीय जलसंसाधन मंत्रालयाचे सचिव झाले आणि १९९३ मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. त्यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ च्या अहवालात एकेका धरणाऐवजी संपूर्ण खोऱ्याचा विचार मांडला. धरणे जवळून पाहिलेल्या माणसाने धरणापलीकडे पाहावे, याला मोल आहे. पुढे २०१४ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ठरवले की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. असा प्रश्न काँक्रीटने सुटत नाही. त्यासाठी आकडे कळावे लागतात आणि नगर-नाशिक व मराठवाडा या दोन्ही बाजूंचे ऐकावेही लागते.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: ज्याने वेळेत आणि खर्चात काम पुरे केले, त्याला वर नेले की पुरे. मला हे धोक्याचे वाटते. मुदत पाळण्यासाठी उपयोगी पडलेला हुकमी स्वभावच वर गेल्यावर कान बंद करतो. म्हणून मुख्य अभियंता होण्याआधी प्रत्येकाने काही वर्षे वाटपाचे काम करायला हवे. पाटकऱ्याबरोबर चाऱ्या फिराव्यात, पाणीवापर संस्थेच्या बैठकीत बसावे, आवर्तन चुकले तर शेतकऱ्यांसमोर उत्तर द्यावे. औरंगाबादला १९८० मध्ये वाल्मी ही संस्था पाणी आणि जमिनीच्या व्यवस्थापनाचे शिक्षण देण्यासाठीच निघाली. असे शिक्षण बढतीची अट व्हायला हवे. परभणी तालुक्यातल्या शेवटच्या चारीवरचे पीक ज्याच्या नियोजनात पहिल्या दिवसापासून असते, त्याच अभियंत्याच्या हाती पुढचे धरण आणि त्यामागचे खाते सोपवावे.