लाखोंच्या शपथा आणि अभिलेखागाराची साक्ष

दारूविरोधी चळवळीचे यश शपथ घेणाऱ्यांच्या संख्येवर मोजावे, की ती शपथ किती काळ टिकली यावर? आयर्लंडच्या इतिहासात हा प्रश्न फादर थिओबाल्ड मॅथ्यू यांच्या नावाशी निगडित आहे. सोळाव्या शतकात इटलीत उदयास आलेल्या कॅपुचिन या कॅथलिक संन्यस्त संघाचे ते धर्मगुरू. त्यांची पत्रे, शपथपत्रे व पदके आज डब्लिनच्या चर्च स्ट्रीटवरील कॅपुचिन अभिलेखागारात जतन केलेली आहेत.

आकड्यांचा डोलारा

१७९० मध्ये टिपरेरी परगण्यात जन्मलेल्या मॅथ्यू यांनी १० एप्रिल १८३८ रोजी कॉर्क शहरात संपूर्ण मद्यत्यागाची शपथ घेतली आणि चळवळीचे नेतृत्व स्वीकारले. औषध म्हणून घेण्याचा अपवाद वगळता सर्व मादक पेये वर्ज्य, असे या शपथेचे स्वरूप होते. डिसेंबर १८३९ मध्ये लिमरिक येथे त्यांच्यासाठी प्रचंड जनसमुदाय लोटला. पुढे शपथबद्धांची संख्या पन्नास लाखांवर गेल्याचे सांगितले जाऊ लागले. १८४१ च्या जनगणनेनुसार आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती, हे लक्षात घेता या दाव्याचा आवाका ध्यानात येतो.

तथापि, गुडघे टेकून बसलेल्या समुदायाने एका सुरात उच्चारलेल्या शपथेची काटेकोर मोजदाद अशक्यप्राय होती. शपथ मोडून ती पुन्हा घेणाऱ्यांना वेगळे काढणेही कठीण होते. म्हणूनच इतिहासकार हा आकडा जपून वापरतात. मात्र चळवळ निष्फळ होती, असे म्हणता येत नाही. करपात्र मद्याचा खप १८४० च्या दशकाच्या आरंभी जवळपास निम्म्यावर आला होता. अर्थात, चोरून गाळलेल्या दारूची नोंद सरकारी हिशेबात नसे.

कर्ज, दुष्काळ आणि मौन

पदकांवरील खर्चामुळे मॅथ्यू कर्जबाजारी झाले. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि महादुष्काळाने चळवळीचा पायाच खचला. ऑगस्ट १८४६ मध्ये मॅथ्यू यांनी ब्रिटिश अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांना पत्र लिहिले. कॉर्कहून डब्लिनला जाताना बहरलेली दिसलेली शेते आठवडाभराने परतताना कुजून गेली होती, असे त्यात नमूद आहे. हेच ट्रेव्हेल्यन पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. १८४७ मध्ये मॅथ्यू यांना वार्षिक ३०० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मंजूर झाले.

१८४९ ते १८५१ या काळातील अमेरिका दौऱ्यात आणखी एक कसोटी आली. अमेरिकेतील आयरिश लोकांनी गुलामगिरीला विरोध करावा, या १८४१ च्या आवाहनावर मॅथ्यू यांची स्वाक्षरी होती. प्रत्यक्ष अमेरिकेत मात्र त्यांनी या विषयावर मौन पाळले. मद्यत्यागाच्या कार्यात अडथळा नको, ही त्यांची भूमिका होती. १८४५ मध्ये कॉर्क येथे त्यांच्याकडूनच शपथ घेतलेले फ्रेडरिक डग्लस यांनी या मौनावर टीका केली. मॅथ्यू यांचे १८५६ मध्ये निधन झाले.

व्यक्तीकडून संघटनेकडे

एका व्यक्तीच्या प्रभावावर उभी असलेली चळवळ तिच्यामागे ओसरली. संघाने पुढे निराळा मार्ग धरला. १८९१ मध्ये चर्च स्ट्रीटवर ‘फादर मॅथ्यू हॉल’ सुरू झाले. १९०५ मध्ये आयरिश बिशपांनी मद्यत्यागाच्या देशव्यापी प्रचाराची जबाबदारी कॅपुचिनांवर सोपविली. १९०८ पासून ‘फादर मॅथ्यू रेकॉर्ड’ हे नियतकालिक निघू लागले. प्रवचनाला सभागृह, नियतकालिक व सांस्कृतिक उपक्रमांची जोड मिळाली. दारूच्या गुत्त्याऐवजी माणसाने संध्याकाळी जावे कुठे, या प्रश्नाचाही त्यात विचार होता.

अभिलेखागाराचे मोल येथेच आहे. पुतळे मॅथ्यू यांची कीर्ती सांगतात. कागदपत्रांतून त्या कीर्तीची किंमत आणि मर्यादाही कळते. शपथ देणे एका दिवसाचे काम असते. ती टिकविण्यासाठी मात्र संस्था उभारावी लागते, हा या दप्तरातून निघणारा निष्कर्ष आहे.