पाणबुडीचे बिल आणि सैनिकाचे ओले घर

घरात मिळकत एकच असते. त्यातल्या एका खर्चाला कोणी हात लावायचा नाही असे ठरले, की काटकसर बाकीच्यांनी करायची, हे आपल्या माता-भगिनींना शिकवायला नको. ब्रिटनच्या संरक्षण खात्यात तेच घडले आहे. तिथला हा सोवळ्यातला खर्च म्हणजे अणुबाँब.

शत्रूला धाक बसावा म्हणून ब्रिटनने चार व्हॅन्गार्ड पाणबुड्या बाळगल्या आहेत. त्यांचा तळ स्कॉटलंडमधील फासलेन येथे आहे. एक तरी पाणबुडी सदैव समुद्राखाली हवी, हा शिरस्ता १९६९ पासूनचा. स्फोटके ब्रिटिश, पण ट्रायडेंट क्षेपणास्त्रे अमेरिकेबरोबरच्या सामायिक साठ्यातली! असो, आपला मुद्दा पैशाचा.

या पाणबुड्या जुन्या झाल्या म्हणून नव्या चार बांधण्यास पार्लमेंटने जुलै २०१६ मध्ये ४७२ विरुद्ध ११७ मतांनी मंजुरी दिली. अंदाज ३,१०० कोटी पौंडांचा, वर अडीअडचणीसाठी आणखी १,००० कोटी. वर्षाचा खर्च संरक्षण खर्चाच्या सहा टक्क्यांच्या आसपास, असे सरकार सांगत असे. पण ते सहा टक्के केवळ पाणबुड्या चालवण्याचे. बांधणीचा पैसा निराळा.

तो द्यायचा कोणी? ब्लेअर सरकारच्या २००६ च्या श्वेतपत्रिकेत वचन होते, की अण्वस्त्रांसाठी सैन्याच्या इतर गरजांना कात्री लागणार नाही. २०१० मध्ये हुजूर पक्षाचे अर्थमंत्री ऑस्बर्न यांनी स्पष्ट केले, की हा भार संरक्षण खात्यानेच आपल्या पैशातून सोसायचा. पुढे २०२३ मध्ये अण्वस्त्रांच्या निधीभोवती कुंपणच घातले गेले. त्यातला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला: शस्त्रसामग्रीच्या दहा वर्षांच्या योजनेत अण्वस्त्रांचा खर्च एका वर्षात ३,८२० कोटी पौंडांनी फुगला आणि योजनेला १,६९० कोटींचे भगदाड पडले. कुंपणाआत महागाई आली, तर टाच कुंपणाबाहेरच्यांनाच लागणार!

या खर्चाचे समर्थकही अडाणी नाहीत. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यावर त्यांचा आवाज वाढला. शिवाय बॅरो गावात हजारो कामगारांची चूल पाणबुडीच्या बांधणीवर पेटते. म्हणून मजूर पक्षही या प्रश्नावर दुभंगतो.

मात्र पैसा ओतूनही हाल सैनिकाचेच. व्हॅन्गार्ड पाणबुडीची दुरुस्ती २०१५ मध्ये सुरू झाली, ती सात वर्षांहून अधिक रखडली. परिणामी उरलेल्या पाणबुड्यांवर ताण आला. पूर्वी तीन महिन्यांच्या असणाऱ्या फेऱ्या पाच-सहा महिन्यांवर गेल्या. घरून आठवड्याला मोजक्या शब्दांचा निरोप पोहोचतो, आतून उत्तर धाडता येत नाही. कारण जागा कळता कामा नये. तान्ह्या मुलाच्या आईने काय समजायचे?

आणि ती राहते कुठे? डिसेंबर २०२४ मध्ये पार्लमेंटच्या संरक्षण समितीने म्हटले, की सैनिकांच्या कुटुंबांची दोन तृतीयांश घरे राहण्याच्या लायकीची उरलेली नाहीत. ओल, बुरशी, बंद पडलेल्या शेगड्या. याचा सगळा दोष पाणबुड्यांच्या माथी मारणे खोटे ठरेल. सरकारने १९९६ मध्ये पन्नास हजारांहून अधिक घरे १६६ कोटी पौंडांना खासगी कंपनीला विकली आणि तीच भाड्याने घेतली. जानेवारी २०२५ मध्ये त्यांतली ३६,३४७ घरे सुमारे ६०० कोटींना परत विकत घेतली. पण घर परत आले म्हणून भिंतीची ओल जात नाही. त्याला वेगळा पैसा लागतो.

जून २०२५ च्या संरक्षण आढाव्यात तोही जाहीर झाला. सैनिकांच्या घरांसाठी जादा १५० कोटी पौंड. त्याच आढाव्यात, त्याच पार्लमेंटच्या मुदतीत, नव्या अणुस्फोटकांसाठी १,५०० कोटी. नोव्हेंबरात घरांची ९०० कोटींची योजनाही आली, पण ती दहा वर्षांत पुरवायची आहे.