काळ्या पाषाणाविषयीचे गैरसमज

बोदवड परिसरात विहीर खणताना काळी माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. हा बेसॉल्ट. तप्त शिलारस थंड होऊन घट्ट झालेला अग्निजन्य खडक.

दक्षिणेकडच्या अजिंठ्याच्या डोंगरात आडवे थर स्पष्ट दिसतात, म्हणून तो गाळाचा खडक असावा, असा समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. तो एकावर एक पसरलेला लाव्हा आहे. प्रत्येक थराचा मधला भाग कठीण, म्हणून त्याचा कडा उभा राहतो. वरचा सच्छिद्र भाग लवकर झिजतो आणि तिथे पायरी पडते. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

लाव्हा म्हटला की शंकूसारखा ज्वालामुखी डोळ्यांपुढे येतो. दख्खनचा लाव्हा मात्र मुख्यतः जमिनीच्या लांबलचक भेगांतून, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला. आजही त्याने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. भेगांतच गोठलेला शिलारस धुळे-नंदुरबार भागात उघडा पडला आहे. बांधल्यासारख्या दिसणाऱ्या तिथल्या लांब दगडी भिंती म्हणजे हेच डाइक. खानदेशातला हा ठेवा जपण्याजोगा आहे.

या खडकात सापडणारी गारगोटी लाव्हासोबतच आली, हेही खरे नाही. लाव्हातील वायूचे बुडबुडे निघून गेल्यावर पोकळ्या उरल्या. नंतर खडकातून झिरपणाऱ्या, खनिजे विरघळलेल्या पाण्याने त्या भरल्या.

काळा दगड म्हणजे बेसॉल्टच, असेही नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा कडप्पा काळा असला, तरी तो शहाबादी फरशीसारखाच चुनखडक, म्हणजे गाळाचा खडक आहे. दोन्ही प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुन्याच्या गाळातून घडले. लिंबाचा रस सांडला की शहाबादी फरशीवर डाग उमटतो. काळ्या पाषाणाच्या पाट्यावर उमटत नाही.

चुनखडक वितळून संगमरवर होतो, हा समजही चुकीचा. प्रचंड उष्णता आणि दाबाखाली, पण घन अवस्थेतच त्याचे स्फटिक नव्याने जुळतात. म्हणून संगमरवर रूपांतरित खडक ठरतो. खडक पूर्ण वितळून पुन्हा थिजला, तर तो अग्निजन्य होतो.

नुसता गाळ साचला म्हणजेही खडक होत नाही. वरच्या थरांचा भार पडून तो दाबला जावा लागतो आणि खनिजांनी त्याचे कण सांधले जावे लागतात. बोदवडच्या उत्तरेला पूर्णा आणि तापीने गाळाचे जाड थर रचले आहेत. त्यांचा खडक अजून झालेला नाही. काठावरचा गाळ आजही फावड्याने उकरता येतो.