खेळावर घर चालते काय?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीचे एक शेतकरी ईश्वरपुरात (जुने नाव इस्लामपूर) आमच्या घरी आले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, थोरला पोरगा बास्केटबॉल लई चांगला खेळतोय. उंची सहा फुटांवर गेली. शाळा सोडून बाहेर शिकायला पाठवावं म्हणतो. त्यात पैका लई आहे म्हणं. अर्धा एकर रान काढतो विकायला. तुमचं काय मत?"

आम्ही लगेच हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. पोरगा मैदानावर जातो ही आनंदाचीच गोष्ट. पण रान विकायचे, शाळा सोडायची, तर आधी त्या धंद्याची माहिती पाहिजे. म्हैस घेताना आपण वेत विचारतो, धार काढून पाहतो. मग पोराच्या जन्माचा सौदा न विचारता कसा करावा? त्या दिवशी त्यांना जे सांगितले, तेच येथे लिहितो.

हा खेळ कसला?

बास्केटबॉलमध्ये दोन बाजू असतात. एका वेळी दर बाजूचे ५ गडी मैदानात उतरतात. मैदानाच्या दोन्ही टोकांना १० फूट उंचीवर एकेक लोखंडी कडे असते. चेंडू हाताने जमिनीवर आपटत न्यायचा आणि समोरच्यांच्या कड्यात टाकायचा. चेंडू कड्यातून पडला की २ गुण. आखलेल्या रेषेच्या बाहेरून टाकला तर ३ गुण.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेत जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकाने काढला. हिवाळ्यात बाहेर खेळता येईना, म्हणून त्याने व्यायामशाळेत वर फळांच्या टोपल्या ठोकल्या आणि मुलांना त्यांत चेंडू टाकायला लावले. इंग्रजीत टोपलीला बास्केट म्हणतात. त्यावरून खेळाला हे नाव पडले.

पैसा कोण देतो?

जो खेळाडू खेळण्याबद्दल पगार घेतो, तो व्यावसायिक खेळाडू. अमेरिकेत एनबीए नावाची मोठी स्पर्धा चालते. तिच्यात ३० संघ आहेत. दर संघ एका हंगामात ८२ सामने खेळतो. लोक तिकीट काढून येतात, दूरदर्शन संचावर सामने पाहतात, जाहिराती येतात. त्या उत्पन्नातून खेळाडूला पगार मिळतो, आणि तो डोळे दिपतील एवढा असतो.

पण जागा किती? दर संघात कायम करारावर १५ खेळाडू धरले, तर ३० संघांत ४५० झाले. साऱ्या जगातली तरणी पोरे या साडेचारशे जागांसाठी झटतात. शिवाय करार ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली, खेळ उतरला किंवा गुडघा गेला, की दुसरा माणूस जागेवर उभाच असतो.

आपल्या वाळवा तालुक्यातल्या माणसाला हे उसावरून लगेच कळेल. लागण होते, मग खोडवा, फार तर निडवा. पुढे रान मोडावेच लागते. खेळाडूच्या अंगाचेही तसेच आहे. विशीत पीक जोरात असते. पस्तिशीच्या आसपास बहुतेकांना मैदान सोडावे लागते. आणि माणसाला तर त्यापुढेही तीस-चाळीस वर्षे जगायचे असते.

पंजाबचा सतनाम

आता एका पोराची हकिगत ऐका. सतनाम सिंग भमरा हा पंजाबातल्या बल्लो के या लहान गावचा. जन्म १९९५ सालचा. वडील शेतकरी. पोरगा वाढत वाढत सात फुटांच्या वर गेला. लुधियानाच्या बास्केटबॉल संस्थेत तो शिकला. २०१० साली, चौदाव्या वर्षी, त्याला अमेरिकेत फ्लोरिडाच्या क्रीडाशाळेत जागा मिळाली. घरी पंजाबी बोलणारे पोर परमुलखात इंग्रजी शिकले, तिथला खेळ शिकले.

एनबीएचे संघ दर वर्षी नवे खेळाडू निवडतात. २०१५ साली ६० जण निवडले गेले. त्यांत ५२ वे नाव सतनामचे होते. डॅलस शहराच्या संघाने त्याला घेतले. भारतात जन्मलेला खेळाडू या निवडीत येण्याची ही पहिलीच वेळ. देशभर त्याचे कौतुक झाले.

पुढे काय झाले? एनबीएच्या हंगामातला एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. तो खालच्या दर्जाच्या स्पर्धेत खेळला, कॅनडात खेळला, भारताच्या संघातून खेळला. नंतर उत्तेजक द्रव्याच्या चाचणीवरून त्याच्यावर २ वर्षांची बंदी आली. त्याने आरोप नाकारला होता, पण बंदी टळली नाही. २०२१ साली तो अमेरिकेतल्या एका करमणुकीच्या कुस्त्यांच्या कंपनीत दाखल झाला.

यात त्याला हसण्यासारखे काही नाही. त्याने जे केले ते थोर आहे. पण ध्यानात घ्या. एवढी उंची, एवढी मेहनत, एवढे मोठे शिक्षण, तरी वरच्या पायरीवर पाय ठरला नाही. मग मधेच ज्यांची वाट खुंटते, त्यांची नावे आपल्या कानांवरही येत नाहीत.

आपल्या शेजारचे खाशाबा

एवढे लांब तरी कशाला जायचे? पेठ नाक्यावर गाडी धरली की तासाभरात कऱ्हाड येते. कऱ्हाडजवळ गोळेश्वर गाव आहे. तिथले खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील पैलवान होते. खाशाबांचा खेळ कुस्तीचा, पण खेळाडूचे जिणे सगळ्या खेळांत सारखेच.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. सारा जन्म तांबड्या मातीत कुस्ती केलेली, आणि तिथे गादीवर लढायचे. तरी सहावा नंबर आला. १९५२ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी येथे ऑलिंपिक होते. जायला पैसा नव्हता. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. गावच्या लोकांनीही हातभार लावला.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या पैलवानांना हरवले. जपानी पैलवानाशी ते हरले. त्यानंतर पुरती विश्रांती न मिळता सोव्हिएत पैलवानाशी लढावे लागले. त्यांची बाजू मांडायला आपला कोणी अधिकारी जवळ नव्हता. तरी त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले हे पहिले ऑलिंपिक पदक. यानंतर असे दुसरे पदक येण्यास ४४ वर्षे लागली. ते १९९६ साली लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवले.

खाशाबा परत आले तेव्हा शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली, आणि त्यांनी काय केले? कुस्त्यांचे मैदान भरवले. त्यातून पैसा उभा करून प्राचार्यांचे घर सोडवले. आम्हाला पदकापेक्षाही ही गोष्ट मोठी वाटते.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. पुढे गुडघा दुखावला आणि मोठ्या कुस्त्या थांबल्या. पण हातात नोकरी होती, कारण शिक्षण झाले होते. ते सहाय्यक पोलीस आयुक्त होऊन निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. सरकारने अर्जुन पुरस्कार दिला, पण तो मृत्यूनंतर. मान आला, पण उशिरा आला. घर चालवले ते नोकरीनेच.

खेळ आणि नोकरी

बास्केटबॉलमध्येही आपल्या देशात आजवर असेच चालत आले आहे. रेल्वे, सैन्य, पोलीस यांचे संघ असतात. खेळाडू तिथे नोकरीला लागतो, पगार घेतो आणि संघातून खेळतो. खेळ सुटला तरी नोकरी राहते. महाराष्ट्र सरकारच्या नोकरभरतीतही खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. मात्र त्यासाठी ठरलेल्या स्पर्धांतील कामगिरी लागते, खेळाचे प्रमाणपत्र तपासून घ्यावे लागते, आणि त्या जागेला लागणारे शिक्षणही झालेले असावे लागते. याची माहिती जिल्हा क्रीडा कार्यालयात मिळते. तेव्हा प्रमाणपत्रे नीट जपून ठेवावीत.

तीन प्रश्न

हे सगळे सांगून आम्ही त्या शेतकरीदादांना म्हटले, "पोराला कुठेही पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारा. एक, तिथे शाळा चालू राहते काय? दोन, पोर जायबंदी झाले तर औषधपाण्याचा खर्च कोण करणार? तीन, फी कशाकशाची, आणि ती लिहून देतात काय? आणखी एक. ताकदीची म्हणून कोणी गोळी किंवा भुकटी दिली, तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय पोराच्या तोंडात जाऊ देऊ नका."

दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे खेळू नको म्हणायचं का?"

आम्ही म्हटले, "छे! खेळू द्या. रोज खेळू द्या. खेळाने अंग घडते, शिस्त येते, हार सोसायला माणूस शिकतो. पण शाळेची आणि खेळाची बैलजोडी करा. एकाच बैलावर गाडी ओढू नका."

दादांनी संस्थेत जाऊन तिन्ही प्रश्न विचारले. शाळेचे आणि दुखापतीचे उत्तर त्यांना पटले नाही. पोरगा इथेच राहिला. तो सकाळी मैदानावर असतो आणि दुपारी वर्गात. उद्या तो मोठा खेळाडू होईल किंवा होणार नाही. पण दोन्ही वाटा त्याला मोकळ्या आहेत, आणि अर्धा एकर रान अजून घरात आहे.

तुमच्याही घरी असे खेळणारे पोर असेल, मुलगा असो वा मुलगी, तर त्याला शाबासकी द्या. आणि हे तीन प्रश्न कागदावर लिहून खिशात ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते.