पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचं सिटी चर्च

पुण्याच्या नाना पेठेत क्वार्टर गेटजवळ निष्कलंक मरियेच्या नावाचं चर्च आहे. पुणेकर त्याला सिटी चर्च म्हणतात. शहरातलं हे सर्वांत जुनं चर्च उभं राहिलं ते पेशव्यांच्या फौजेमुळे.

पेशव्यांच्या चाकरीत पोर्तुगीज अधिकारी आणि गोव्याकडचे कॅथलिक शिपाई होते. पगार पुण्यात मिळे. पण बाप्तिस्म्याला, लग्नाला, मातीला पाद्री कुठून आणायचा? डॉम मिगेल दी नोरोन्हा या अधिकाऱ्याने दरबाराकडे जागा मागितली आणि 1792 साली सवाई माधवरावांनी ती दिली. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली त्याला तेव्हा 53 वर्षं झाली होती. शत्रूच्या धर्माचा माणूस चाकरीत आला, की त्याच्या देवाचीही सोय लावायची, असा हा दरबारी व्यवहार.

5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांची एक कवायती पलटण डी पिंटो या पोर्तुगीजाच्या हुकमतीखाली इंग्रजांवर चालून गेली. पुढच्याच वर्षी पेशवाई बुडाली. चाकरी गेली, चर्च राहिलं. मग इंग्रजांची छावणी पडली आणि तिच्यामागे गोव्याचे खानसामे, पाववाले, शिंपी, बँडवाले आले. आजची इमारत 1852ची.

त्याच सुमारास, 1850 मध्ये, इंग्रजी फौजेतल्या आयरिश कॅथलिकांसाठी सेंट पॅट्रिक चर्च निघालं. पंथ एक, पण अंमल दोन : सिटी चर्च गोव्याच्या आर्चबिशपकडे पाहणारं, सेंट पॅट्रिक थेट रोमने नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांकडे. 1886 साली पुणे धर्मप्रांत स्थापन झाला, जर्मन जेझुइटांच्या हाती कारभार आला आणि कॅथेड्रलचा मान धाकट्या सेंट पॅट्रिकला मिळाला.

आपलं वेगळं चर्च हवं असणं ही फक्त पुण्याची गोष्ट नव्हती. सिटी चर्चनंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1892 मध्ये, न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये इटालियन स्थलांतरितांसाठी अवर लेडी ऑफ पाँपेई हा धर्मग्राम (पॅरिश) सुरू झाला. तिथल्या जुन्या, आयरिश वळणाच्या चर्चांमध्ये इटालियनांना अनेकदा तळघरातच मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मिळे. परमुलखात आधी पोट भरतं, मग आपल्या पद्धतीने प्रार्थना करायला हक्काची जागा लागते; पुण्याच्या शिपायांचं आणि न्यूयॉर्कच्या मजुरांचं दुखणं एकच होतं.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेतली लॅटिनची सक्ती सुटली आणि पुण्याच्या कॅथलिकांना मराठीतही मिस्सा मिळू लागली. स्थलांतरितांचं चर्च टिकतं ते पहिल्या आलेल्यांनी मागाहून येणाऱ्यांना बाकावर जागा करून दिली तर. जागा देणारं राज्य 26 वर्षांत बुडूनही सिटी चर्च चालू राहिलं ते त्यामुळेच.